‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या संस्था

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, गांवांत संस्था येतात, शाळेंत वह्या वांटतात, थंडींत चादरी देतात, फोटो काढतात आणि जातांना बजावतात, “आम्ही राजकारणांत नाहीं!” आम्ही पडलों शिक्षक, पोरांस वही मिळाली याचा आनंद आम्हांसहि आहे. पण शाळेचें छप्पर गळतें, त्याचा मंजूर पैसा कोठें मुरला, हें विचारणें जर राजकारण, तर तें नको म्हणणारा कोणाच्या बाजूचा?

जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. १८७७ च्या दुष्काळांत समाजानें भुकेल्या पोरांस जेवूं घातलें. पण तेथेंच थांबले नाहींत. १८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनास ठणकावलें कीं, सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते, तर रयतेच्या पोरांस आधीं शिकवा.

राजस्थानांत मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामांचीं हजेरीपत्रकें भर सभेंत वाचलीं, तों कामावर न गेलेल्यांच्या नांवें मजुरी निघाली! माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अशाच धडपडींतून आला.

संस्थेनें मतें मागूं नयेत, पक्षाची पालखी वाहूं नये. पण हिशेब मागावा. आणि आधीं स्वतःचा चावडीवर वाचावा!

बंधूंनो, वही अवश्य घ्या. मात्र पहिल्या पानावर ग्रामसभेची तारीख लिहा, आणि खालीं आपला पहिला प्रश्न.