बाळंतिणीला एक खोली हवी

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दर बुधवारी मोबाइलवर एक गट चालवतो. बाळंतपणाची दहशत मनातून न गेलेल्या बाया त्यात बोलतात, काहींचे नवरेही येतात. समुपदेशक पुण्यातून बोलते, मी अलिबागमधून. रेवदंड्याकडची एकजण घरामागच्या वाडीत, सुपारीखाली बसून बोलते. परवा मध्येच ती "हो, डोस सोमवारी," म्हणाली आणि फोन बंद केला. सासूबाई विहिरीवर आल्या होत्या.

तिचं दुखणं काय? कळा देताना ओरडली म्हणून मांडीवर चापट, आणि वर "तेव्हा नाही ओरडलीस?" हा प्रश्न. आपल्यापैकी कितीजणींनी तो ऐकला असेल! बाळ सुखरूप, टाके भरले, म्हणून घरच्यांच्या लेखी सगळं आटोपलं. तिला मात्र अजून फिनेलच्या वासाने घाम फुटतो. दाराबाहेर उभ्या नवऱ्यानेही किंकाळ्या ऐकल्या होत्या. तो गटात गप्प असतो, पण येतो.

याला शहरी चोचले म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या २७० मातांचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. २३ टक्के जणींना बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं ही कारणं दिसली. आघात आणि नैराश्य एकच नव्हे, पण दोन्हींचा उगम बाईच्या 'कमकुवत मनात' शोधायची खोड एकच.

काही मैत्रिणी म्हणतात, हा गट म्हणजे मलमपट्टी. लढा प्रसूतिगृहात हवा. लढा हवाच. प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मान्यता दिली, २०१७च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाने वागवण्याची भाषा आली. आमच्या गटातल्या एकीलाही सोबतीण मिळाली नव्हती. पण प्रसूतिगृह सुधारेपर्यंत या बायांनी झोपायचं कसं? 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर २०२२पासून आहे, तोही आम्ही देतो. मात्र "माझंही असंच झालं" हे गटातच ऐकायला मिळतं.

माझं म्हणणं एवढंच, की फोन म्हणजे खोली नव्हे. आठवड्यातून एक तास अंगणवाडीची खोली, कडी लागणारं दार आणि तेवढा वेळ बाळ सांभाळणारी कोणीतरी, एवढी मागणी प्रत्येक गावातून झाली पाहिजे. वाडीतल्या त्या बाईसाठी आम्ही सेविकाताईंना विचारलं. दुपारी दोननंतर किल्ली द्यायला त्या तयार आहेत. वरून लेखी परवानगी तेवढी यायची आहे.