सामान गाडीवर, औषध अंगावर

गणपती आटोपले की पुण्यातील अनेक घरांत निवृत्त मंडळींचे मोटरसायकलवरून कोकणात उतरण्याचे बेत शिजू लागतात. अशाच एका घरातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासरे 67 वर्षांचे, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, शिवाय रक्तदाबाची गोळी. तिघे मित्र तीन गाड्यांवरून ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून महाड, पोलादपूर, खेड करीत दापोलीला निघाले आहेत. त्यांना कसे थांबवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

थांबवावे की नाही हे त्यांना नियमित तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. नजर, हातापायांची संवेदना आणि साखरेचे चढउतार पाहिल्यावाचून कोणीही, या सदराच्या लेखकानेही, त्यावर मत देऊ नये. मला त्या पत्रातील दुसरेच एक वाक्य खुपले. ‘औषधे मी बाकीच्या सामानात अगदी तळाशी नीट बांधून देते,’ असे त्यांनी लिहिले आहे. त्यामागील माया समजते. पण नेमके हेच करू नये. मोटरसायकलवरील सामान भिजते, तापते, हादरते आणि कधी कधी स्वारापासून दूरही होते. म्हणून पिशवी भरण्यापूर्वी सामानाचे दोन वाटे करावेत: जे नसले तरी रात्र निघेल ते गाडीवर, आणि जे दहा मिनिटांत हाती आले नाही तर जिवावर बेतेल ते अंगावर.

अंगावरच्या वाट्यात सर्वांत आधी साखर येते. इन्शुलिन घेणाऱ्याची, तसेच ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवण लांबले तर अचानक उतरू शकते, आणि घाटात जेवण लांबतेच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधुकता जाणवली की गाडी कडेला घेऊन लगेच सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, तोंडात जायला हवे. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ती 70 च्या खालीच असेल तर तेवढेच ग्लुकोज पुन्हा घ्यावे. आकडा सुधारल्यावर काही खाऊन निदान पाऊण तास गाडीवर बसू नये, कारण मेंदू पूर्ववत व्हायला आकड्यापेक्षा अधिक वेळ घेतो. चॉकलेट या कामी येत नाही. उन्हात ते वितळते आणि त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साखरेचा खडा किंवा पेढाही पुरेसा उपयोगी पडत नाही. ती गोळी साध्या साखरेचे विघटनच लांबवते. तेथे ग्लुकोजच हवे. घरात कोणती गोळी चालू आहे हे आज वेष्टनावर वाचून पाहावे.

आता या ग्लुकोजची जागा. बहुतेक जण ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतात, आणि पाऊस आला की जॅकेटवर रेनकोट चढतो. मग खिसा आत, चेन हनुवटीपर्यंत बंद, हातात ओले मोजे, आणि बोटे आधीच थरथरणारी. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या घरात तालीम करावी. हेल्मेट, मोजे, रेनकोट सारे चढवून खुर्चीवर बसवावे आणि ग्लुकोजची पुडी काढायला सांगावे. घरच्यांना हसू येईल, हरकत नाही. अर्ध्या मिनिटात पुडी हाती आली नाही तर जागा बदलावी. रेनकोटच्या वरून बांधलेली कमरेची पिशवी बहुधा सोयीची ठरते. हृदयविकार असणाऱ्यांची जिभेखाली ठेवायची गोळीही तेथेच, तिच्या मूळ वेष्टनात असावी. ती घेण्याची वेळ आली तर प्रवास तेथेच संपला असे समजावे: खाली बसावे, गाडी पुढे हाकू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याच पिशवीत एक कार्ड ठेवावे. त्यावर नाव, आजार, औषधांची नावे व मात्रा, ज्याची ॲलर्जी आहे ते औषध आणि घरचा दूरध्वनी, मोठ्या अक्षरांत, शाई फुटणार नाही असे लिहिलेले. भ्रमणध्वनीला कुलूप असते, कार्डाला नसते.

इन्शुलिनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. न उघडलेले इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवतात, हे सर्वांना ठाऊक असते. वापरात असलेले पेन मात्र साधारण 30 अंशांपर्यंतच्या तापमानात, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या प्रवासात त्याला फ्रीजची गरज नसते, सावलीची असते. पेट्रोलच्या टाकीवर चुंबकाने बसणारी पिशवी सोयीची वाटते, पण खालून इंजिनाची धग आणि वरून ऊन यांत ती चुलीवरच्या तव्यासारखी होते. बंद, काळ्या डिकीचीही तीच गत. गाडी उन्हात उभी करून चहा घेऊन येईपर्यंत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी चढते. आपल्याकडील बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. त्या बाजूची पिशवी औषधांसाठी वर्ज्यच.

पाण्यात भिजवून वापरायच्या गारव्याच्या पिशव्या मिळतात. त्यांचे तत्त्व आपल्या माठाचे आहे: पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. वैशाखात सोलापूर-लातूरकडे, कोरड्या हवेत, त्या उत्तम काम देतात. परंतु भाद्रपदातल्या कोकणात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तेथे बाष्पीभवन मंदावते आणि पिशवी नुसतीच ओली राहते. अशा वेळी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास बरा. त्यात आधी गार पाणी भरून ठेवावे, निघताना ते ओतून आतून कोरडा पुसावा आणि पेन सुती रुमालात गुंडाळून आत ठेवावे. बर्फ मात्र घालू नये. बर्फाला चिकटून इन्शुलिन गोठले तर ते वाया गेले. पुन्हा पातळ झाल्यावर ते दिसायला पूर्वीसारखेच असले तरी टोचू नये. लडाखला जाणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट असतो. लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे, पुढच्या खिंडी त्याहून उंच. तेथे रात्री गाडीवर राहिलेले पेन गोठू शकते, म्हणून ते अंथरुणात सोबत घ्यावे. टोचून झाले की सुई काढून टाकावी. पेनवर सुई तशीच राहिली तर तापमान बदलताना इन्शुलिन गळते, हवा आत शिरते आणि पुढची मात्रा चुकते. वापरलेल्या सुयांसाठी झाकणाची एक जाड प्लॅस्टिकची डबी द्यावी. हॉटेलच्या केराच्या टोपलीत त्या टाकू नयेत.

गोळ्यांचे शत्रू ओल आणि हादरे. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत सुट्या गोळ्या दिवसभर आपटून कडा झिजतात, काहींचा भुगा होतो. म्हणून प्रवासात गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात, आणि पाकीट कापताना नाव व मुदतीची तारीख असलेला भाग शिल्लक राहील असे कापावे. नाव नसलेली पांढरी गोळी परगावच्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. साखर मोजण्याच्या पट्ट्या त्यांच्या मूळ डबीतच ठेवून झाकण लगेच घट्ट लावावे; दमट हवेने त्या खराब होतात आणि चुकीचा आकडा दाखवतात, जो आकडा नसण्याहून वाईट.

पिशवीवरच्या पावसाळी आवरणावर भिस्त ठेवू नये. वाऱ्याने ते फडफडते, तळाशी पाणी साठते, आणि मागच्या चाकाचे पाणी तर खालूनच उडते. आतली प्रत्येक गोष्ट वेगळी गुंडाळावी. तांदळाच्या पाच किलोच्या जाड पिशव्या यासाठी नामी: हवा दाबून काढावी, तोंडाला तीन घड्या घालाव्यात, वर रबर लावावे. वरून रंगीत चिठ्ठी लावली की चष्म्याविनाही ओळख पटते. दुसरा चष्मा आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या या गुंडाळ्यांत विसरू नयेत.

वजनाचा हिशेबही तब्येतीचाच हिशेब आहे. जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ, हलक्या वर आणि मागे. दोन्ही बाजूंना सारखे वजन. एका बाजूला दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, आणि वळणावर ते गुडघ्यांना जाणवते. सारे जड सामान मागच्या पेटीत कोंबले की पुढचे चाक हलके पडते. पाठीवर जड सॅक घेऊ नये. मान आणि कंबर दोन तासांत बोलू लागतात, आणि पडल्यास आतला थर्मास वा कुलूप थेट मणक्यावर येते. हुकांच्या लवचीक दोऱ्या ताणताना चेहरा दूर ठेवावा. सुटलेला हूक डोळ्यावर बसतो, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर हे काम धाकट्याकडे सोपवावे. दोरीचे मोकळे टोक कधीही लोंबू देऊ नये. ते साखळीत किंवा चाकात गेले की गाडी जागीच अडते. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून बांधणी पुन्हा तपासावी, कारण सामान तोवर बसते आणि दोऱ्या सैल होतात.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी. औषधे आपण एकटीने बांधून देऊ नयेत. सासऱ्यांच्या हातून, आपल्यासमोर बांधून घ्यावीत, म्हणजे अंधारातही जागा त्यांच्या हाताला ठाऊक असेल. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची औषधे अधिक द्यावीत, कारण पावसात दरड कोसळून घाट बंद होणे नवे नाही. जास्तीचा साठा आणि न उघडलेले पेन दुसऱ्या मित्राच्या गाडीवर द्यावे, त्यासाठी वेगळा थर्मास. ग्लुकोज कोठे आहे हे तिन्ही मित्रांना दाखवून ठेवावे. साखर फार उतरल्यावर माणसाला स्वतःचा खिसाही आठवत नाही. मात्र शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, हेही त्यांना सांगावे. परतल्यावर पिशव्या उलट्या करून वाळवाव्यात, कमरेच्या पिशवीतील ग्लुकोजची पुडी दमट झाली असेल तर बदलावी, आणि प्रवास करून आलेल्या पेनवर ते उघडल्याची तारीख लिहून तेच आधी संपवावे. न उघडलेले पेन वाटेत तापले असल्याची शंका असेल तर ते फ्रीजमधल्या साठ्यात मिसळण्यापूर्वी औषधविक्रेत्याला विचारावे.