अकरा महिन्यांची ‘सरकारी’ नोकरी

"घ्यावी का?" असं रत्नागिरीतली पोरं विचारतात. घ्या, पण तिला नोकरी समजू नका. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बघा. पदवीधराला महिना 10 हजार, बारावीवाल्याला 6 हजार. मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा. कायम होण्याचा हक्क नाही. तरी पोरं ‘कायम करा’ म्हणत आंदोलनाला उतरली. त्यांना तरी काय बोलायचं? टेबल सरकारी, काम बारमाही, आणि आई वाडीभर सांगत सुटलेली, "पोरगा सरकारीत लागला!"

लांजा-राजापुरातून रोज एसटीने रत्नागिरीला येणाऱ्याच्या हातात 6 हजारांतले उरणार किती? गावच्या ग्रामपंचायतीत मिळत असेल तर मात्र जरूर घ्या. आवक-जावक, दाखले, फाईल कशी फिरते ते कळतं. भरतीचा अभ्यास चालूच ठेवा, वय थांबत नाही. आणि प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय ऑफिस सोडू नका.