आईच्या वाट्याची आमटी

मागच्या आठवड्यात बाईंनी वर्गात प्रयोग केला. उकडलेल्या बटाट्यावर आयोडीनचे थेंब टाकले, तर बटाटा निळाकाळा झाला! भाकरीचा तुकडापण तसाच झाला. बाई म्हणाल्या, हे पिष्ट. ते कर्बोदकांत मोडते. त्याने कामाला शक्ती मिळते. पण अंग बनवायला प्रथिने लागतात. आपले केस अन् नखे प्रथिनांचीच. दंडातल्या मांसातपण पाणी सोडले तर बहुतेक तीच.

कोरड्या १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत १० च्या आसपास. प्रथिन म्हणजे माळ असते. तिच्यात अमिनो आम्लांचे २० प्रकारचे मणी. त्यातला लायसिन नावाचा मणी ज्वारीत कमी, डाळीत भरपूर. तो आपले शरीर बनवू शकत नाही, खाऊनच मिळवावा लागतो. म्हणून भाकरीबरोबर डाळ पाहिजेच.

मग मी घरी नीट बघितले. आधी आजोबा, बाबा अन् दादा जेवतात, मग आम्ही पोरं. आई शेवटी. तोवर आमटीचे पातेले रिकामे! आई ठेचा-भाकरी खाते अन् म्हणते, मला आमटी आवडतच नाही. मला ते खरे वाटत नाही. ती दिवसभर खुरपायला जाते. आमचे बाळ अजून तिच्या अंगावर पिते. मग तिला प्रथिने नकोत का?

माझे मत असे आहे की, सगळ्यांना वाढायच्या आधीच आईची वाटी काढून झाकून ठेवावी. मी रविवारपासून ठेवते. पहिल्या दिवशी ती दादानेच खाल्ली. आता मी वाटीजवळ बसून राहते.