ध्यान एक नव्हे, अनेक

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा दिवस जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. २१ जूनचा योगदिन २०१५ पासून पाळला जात होताच, त्याला ही जोड मिळाली. या दोन्ही गोष्टींचे मूळ आपल्या भूमीत असल्याने भारतीयांना त्याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि ज्या गोष्टीचा उत्सव करावयाचा ती नेमकी कोणती, हा प्रश्न उत्सवाच्या गर्दीत कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण ध्यान हे आता केवळ मठात व आश्रमात राहिलेले नाही. शाळा, कचेऱ्या आणि इस्पितळे यांत ते शिरले आहे, आणि जे हजारोंना द्यावयाचे त्याचे गुणदोष आधी पारखावे लागतात.

'ध्यान' हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात अनेक साधना आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात वर्णिलेला कुंडलिनीचा मार्ग वेगळा आणि वारकऱ्याचे नामस्मरण वेगळे. दिव्याच्या ज्योतीवर दृष्टी रोखणारे त्राटक एका प्रकारचे, तर इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस मौन पाळून देहातील संवेदना न्याहाळणारी विपश्यना दुसऱ्या प्रकारची. कोणी चित्त एका बिंदूवर आणतो, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांकडे तटस्थपणे पाहतो, कोणी प्राणिमात्रांविषयी मैत्रीची भावना करतो. या सर्वांना एकाच पोत्यात घालून 'ध्यानाने फायदा होतो काय?' असे विचारणे म्हणजे 'औषधाने गुण येतो काय?' असे विचारण्यासारखे आहे. कोणते औषध, कोणाला, कोणत्या विकारावर आणि किती मात्रेत, हे सांगितल्यावाचून त्या प्रश्नाला अर्थ येत नाही.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ परदेशात झाला, असा एक समज आहे. तो खरा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून यौगिक क्रियांचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेवसिंग या संशोधकांनी मोजक्या योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख घेतले. समाधीत असताना प्रखर प्रकाश वा मोठा आवाज यांनीही त्या लहरी भंगत नाहीत, असे त्यांना आढळले. १९६६ साली जपानमध्ये कासामात्सू व हिराई यांनी झेन साधकांवर प्रयोग केले, तेव्हा उलट प्रत्यय आला : तोच आवाज पुनःपुन्हा केला तरी साधकाचा मेंदू दर वेळी तो नव्याने ऐकल्यासारखा प्रतिसाद देत होता. एक साधना जगाची कवाडे लावते, दुसरी ती सताड उघडते, असा मोहक सिद्धांत यातून उभा राहिला. परंतु १९८१ साली बेकर व शपायरो यांनी निरनिराळ्या पंथांच्या साधकांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांच्यात असा फरक दिसला नाही. मूठभर व्यक्तींवरून काढलेला निष्कर्ष कितीही सुंदर असला तरी तो पुन्हा तपासावा लागतो, हा या प्रकरणाचा बोध आहे.

स्वास्थ्याच्या प्रश्नावर आज काय दिसते? २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा आणि त्यांतील ३,५१५ व्यक्तींचा एकत्रित आढावा घेण्यात आला. चिंता, विषण्णता व वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम सुधारणा होते, पण व्यायाम वा औषधे यांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असे त्यातून निघाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना आठ आठवड्यांच्या सजगतेच्या शिक्षणाने एका प्रचलित औषधाच्या तोडीचा गुण आला. परंतु त्याच वर्षी ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निष्कर्षही हाती आले. तेथे सजगतेचे पाठ शाळेतील नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा अधिक हितकर ठरले नाहीत. दिल्लीच्या सरकारी शाळांतून २०१८ साली आनंदाचे तास सुरू झाले व त्यांत ध्यानालाही स्थान मिळाले. मुलांवर असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने ब्रिटनचा हा अनुभव डोळ्यांखालून घालावयास हवा.

साधनांची वेगवेगळी परीक्षा कशी घ्यावी, याचा वस्तुपाठ जर्मनीत घालून देण्यात आला आहे. लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर यांनी सुमारे तीनशे लोकांना नऊ महिने शिक्षण दिले. त्यात तीन-तीन महिन्यांचे तीन भाग होते : पहिला श्वास व देह यांवरील अवधानाचा, दुसरा करुणेचा आणि तिसरा स्वतःच्या व इतरांच्या विचारांकडे अलिप्तपणे पाहण्याचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मार्मिक आहेत. परीक्षकांपुढे भाषण व आकडेमोड करावयास लावल्यावर ताण कमी जाणवला, असे तिन्ही प्रकारच्या साधकांनी सांगितले. मात्र ताणाचे निदर्शक असलेले कॉर्टिसॉल हे द्रव्य करुणेच्या व विचारदर्शनाच्या साधनेनंतरच घटलेले आढळले. केवळ अवधानाच्या साधनेने ते घटले नाही. मन जे सांगते आणि देह जे दाखवितो, त्यांत असे अंतर पडू शकते.

याहून नाजूक प्रश्न 'मी'चा आहे. अहंकार गळून पडावा, हे आपल्याकडील बहुतेक साधनांचे उद्दिष्ट. जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या गेबाउअर यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात योगाचे ९३ विद्यार्थी आणि मैत्रीभावना करणारे १६२ साधक पाहिले. अभ्यासानंतर त्यांचा 'मी' शमण्याऐवजी 'मी इतरांहून सरस' ही भावना वाढलेली आढळली. उलट अमेरिकेतील लिंडाल व ब्रिटन यांनी २०१७ साली बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून ५९ प्रकारच्या अवघड अनुभवांची नोंद केली. त्यांत भीती होती, निद्रानाश होता आणि स्वत्वाच्या सीमा विरघळल्याचा अनुभवही होता. हा शेवटचा अनुभव एकाला मुक्तीसारखा वाटतो, तर दुसऱ्याला आपण नाहीसे होत आहोत अशा धास्तीने ग्रासतो. असे अनुभव कितीजणांना येतात हे या पाहणीवरून ठरत नाही. ते येतात, एवढे मात्र निश्चित. आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक होते. पतंजलीने योगमार्गातील नऊ अंतराय गणले आहेत आणि त्यांत भ्रांतिदर्शनही आहे. ज्याने मार्ग दाखविला त्यानेच खड्डेही दाखविले. आजच्या जाहिरातीत खड्डे तेवढे वगळले जातात.

अंतरीचा अनुभव यंत्राने मोजता येत नाही, असा यावर आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. मोक्ष मोजण्याचा दावा कोणत्याही प्रयोगशाळेने करू नये. पण जो ध्यानाला निद्रानाशावरील वा रक्तदाबावरील उपाय म्हणून पुढे करतो, त्याने मोजमापाचे आव्हान स्वतःच स्वीकारलेले असते. फायदा सांगताना विज्ञानाची साक्ष काढावयाची आणि तोटा विचारताच अध्यात्माच्या आड दडावयाचे, हे चालणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शाळेत वा रुग्णालयात ध्यान आणणाऱ्यांनी साधना कोणती व किती काळ, हे स्पष्ट सांगावे. तुलनेसाठी दुसरा गट ठेवावा. काय बिघडले हेही आवर्जून विचारावे आणि प्रतिकूल निष्कर्षही छापावेत. मनोविकाराच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध सोडून आसन मांडू नये, हे शिबिराच्या दारावरच लिहिलेले असावे. लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी ज्या धैर्याने परंपरेला प्रयोगशाळेत बसविले गेले, ते धैर्य आज उत्सवापेक्षा अधिक मोलाचे आहे. जी साधना परीक्षेला उतरेल तिला त्यातून बळच मिळेल. जी उतरणार नाही, ती मुलांच्या व रुग्णांच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.