दाद मागायची कुणाकडे?

माणूस चूक सोसतो. पण दाद मागायला जागाच नसली की बिथरतो. अमेरिकेत हे दोन अगदी निराळ्या ठिकाणी पाहायला मिळते: बेसबॉलच्या मैदानावर आणि बंदुकीच्या राजकारणात. एक नुसता खेळ, दुसरा जिवाशी खेळ. तरी दोन्हीकडच्या संतापाचे मूळ मला एकच वाटते.

२ जून २०१० ची गोष्ट. डेट्रॉइटच्या अर्मांडो गॅलारागाने सलग २६ फलंदाज बाद केले होते. आणखी एक बाद झाला की ‘परफेक्ट गेम’ हा अतिदुर्मिळ मान त्याचा. सत्ताविसावा फलंदाजही बादच होता. चित्रफितीत ते लख्ख दिसले. पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. सामन्यानंतर जॉइस यांनी चूक कबूल केली, त्यांचे डोळे भरून आले. गॅलारागाने मोठ्या मनाने क्षमा केली. निकाल मात्र तसाच राहिला, कारण अशा निर्णयाच्या फेरतपासणीची तेव्हा सोयच नव्हती.

लोक चिडले, आणि ती चीड वाया गेली नाही. २०१४ पासून असे बरेचसे निर्णय चित्रफितीवर तपासले जाऊ लागले. ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’ हा तर पंचांचा खास राखीव प्रांत. पण २०२६ च्या हंगामासाठी तिथेही यंत्राकडे दाद मागण्याची मुभा मंजूर झाली.

आता दुसरे चित्र पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासावी, ही अट अधिक व्यवहारांना लावा, असे तेव्हाच्या जनमत चाचण्यांत दहातले जवळजवळ नऊ जण म्हणत होते. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये त्या प्रस्तावाला ५४ मते पडली, विरुद्ध ४६. तरी तो बारगळला, कारण ६० मते हवी होती. त्यात सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचे सिनेटर दोन आणि सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच! नियम सगळे पाळले गेले, जाब मात्र कुणालाच विचारता आला नाही.

मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. पोलीस आत पोचूनही हल्लेखोराला ठार करायला ७७ मिनिटे लागली, आणि अधिकाऱ्यांनी आधी सांगितलेली हकीकत पुढे खोटी ठरली. त्याच जूनमध्ये एक मर्यादित कायदा झाला. पण तोवर सँडी हूकला साडेनऊ वर्षे उलटली होती.

गंमत अशी, की बंदूकवाल्यांचीही तक्रार हीच. बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचे ‘बंप स्टॉक’ हे उपकरण सरकारी खाते अनेक वर्षे कायदेशीर म्हणत होते. २०१८ मध्ये त्याच खात्याने कायदा न बदलता ते बेकायदा ठरवले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. त्यांना निदान दाद मागायला दार होते.

बँकेत उमेदीची वर्षे काढल्यामुळे एक साधी गोष्ट मला ठाऊक आहे. व्हाउचर एकाने लिहायचे, दुसऱ्याने पास करायचे, वर ऑडिट असतेच. यावरून कॅशियर चोर असतो असे कुणी म्हणत नाही. प्रामाणिक माणसालाच त्या दुसऱ्या सहीचा आधार वाटतो. त्या दिवशी फेरतपासणी असती, तर गॅलारागाइतकेच जॉइसही निवांत झोपले असते.

अधिकाराची प्रतिष्ठा जपायची तर त्याला जाब विचारण्याची वाट मोकळी हवी. बेसबॉलला हे चार वर्षांत उमगले. खेळातला निकाल उद्या फिरवता येईल. शाळेतून घरी न परतलेली मुले परत येत नाहीत. म्हणून घाई खरे तर तिथे हवी होती.