परदेशप्रवास : आधी वही, मग पासपोर्ट

परदेश पाहण्याची हौस नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. इतिहासाच्या तासाला रोमचे नाव निघाले, की मागच्या बाकावरही डोळे चमकतात. ही हौस चांगलीच आहे. परंतु ‘खर्च किती येईल?’ असे कोणी विचारले, की चर्चा तेथेच थांबते. एक म्हणतो, ‘ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे.’ दुसरा म्हणतो, ‘एकदा निघायचे, पुढचे पुढे!’ वरवर पाहता ही दोन टोके आहेत. मला मात्र ती एकाच आळसाची दोन रूपे वाटतात. कारण दोघांनीही वही उघडलेली नसते.

हिशेब आला की प्रवासातले काव्य गेले, असे एक मत आमच्या वाङ्मयप्रेमी मित्रांत फार लोकप्रिय आहे. प्रवासवर्णने वाचून ते बनले असावे. लेखक एखाद्या सुंदर पुलावर संध्याकाळी उभा राहतो. पण त्या पुलापर्यंतचे बसभाडे कोणी दिले, हे क्वचितच सांगतो. माझे म्हणणे असे, की हिशेब न करणे ही श्रीमंतांची चैन आहे. ज्याच्या घरी चुकलेला आकडा भरून काढायला दुसरी तिजोरी आहे, त्याने खुशाल बेहिशेबी हिंडावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मात्र तो आकडा आईच्या पाटल्यांनी नाही तर वडिलांनी काढलेल्या कर्जानेच भरून निघतो. म्हणून अंदाजपत्रक ही कंजूसपणाची खूण नसून गरिबाच्या मुलाची शिडी आहे.

थोडे मागे वळून पाहू. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या भाड्याची तजवीज त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्याच पुस्तकाच्या विक्रीतून केली. १८८८ साली लंडनला गेलेले तरुण गांधी बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र अशी पै-पैची नोंद ठेवीत आणि रोज निजण्यापूर्वी शिल्लक जुळवीत. थोरल्या भावाने पुरविलेल्या पैशाचा मान त्यांनी तसा राखला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तीही तीन वर्षांपुरती. पुढे लंडनचे शिक्षण चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, अशी तीन ठिकाणची जुळणी होती. या माणसांची स्वप्ने लहान होती असे कोण म्हणेल? आकड्यांनी ती स्वप्ने खुजी केली नाहीत. उलट पैलतीराला नेली.

बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परदेशी जाणाऱ्याचे अर्धे नशीब रुपयाच्या दराला बांधलेले असते. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. घरून हजार डॉलर मागविणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वडिलांना आदल्या दिवशी ४,७६० रुपये लागले असते. दुसऱ्या दिवशी ७,५००! मुलाने एक कप चहाही जास्त घेतला नव्हता. डॉलरने ऐंशीचा आकडा ओलांडल्यालाही आता काही वर्षे झाली. तेव्हा आजच्या दराने आखलेला बेत सहा महिन्यांनी तसाच राहील असे गृहीत धरू नये.

एके काळी परकीय चलनाची टंचाई एवढी होती, की सहलीला जाणाऱ्याला सरकार जेमतेम आठ डॉलर हाती ठेवू देई. १९७३ चा कडक कायदा जाऊन १९९९ चा सौम्य कायदा आला, २००४ साली वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, आणि आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. पूर्वी हात सरकार आखडीत असे. आता तो आपला आपणच आखडायचा आहे. मला हे दुसरे काम अधिक अवघड वाटते.

आता वही कशी मांडावी? माझ्या मते पाच रकाने पुरेत. पहिला, निघण्यापूर्वीचा खर्च. छत्तीस पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसाला प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो पडतात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. त्यासोबत निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. दुसरा रकाना जाण्यायेण्याचा; यात परतीचे भाडे आधी लिहावे आणि त्याला हात लावू नये. तिसरा रोजच्या खर्चाचा : राहणे, जेवण, बस, प्रवेशशुल्क, त्याला दिवसांनी गुणावे. चौथा अडीअडचणीचा; एकूण रकमेचा निदान दहावा हिस्सा येथे ठेवावा, रुपया घसरला तर तोच उपयोगी पडतो. पाचवा खास आपला मराठी रकाना : ‘येताना काय आणलेस?’ मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांची नावे येथे आधीच लिहावीत, म्हणजे शेवटच्या दिवशी बाजारात खिसा रिकामा होत नाही.

आईने दिलेली चकली, भाजणी, मेतकूट ही तिसऱ्या रकान्यातील खरी बचत. मात्र युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तेव्हा पेढ्यांचा पुडा घरीच वाटून निघावे.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. ही वही एकट्याने लपवून लिहायची नाही. ज्यांचा पैसा तीत आहे त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवायची. ‘पुढचे बघू’ या दोन शब्दांत घरच्यांची किती वर्षे गहाण पडतात, हे मुलांना फार उशिरा कळते. आईवडील आकडा ऐकून ‘नाही’ म्हणतील ही भीती खरी आहे. पण न सांगता मिळविलेला होकार हा होकारच नव्हे. आणि पुष्कळदा अंधारात मोठे भासणारे भूत आकड्यांच्या उजेडात लहान होते.

परदेश म्हणजे पॅरिसच, असे तरी कुठे आहे? नेपाळचेच घ्या. तेथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्रही चालते. आपल्या १०० रुपयांचे तेथे १६० रुपये होतात. हा दर १९९३ पासून बदललेला नाही, म्हणजे घसरणीची धास्ती नाही. मुंबईहून गोरखपूरला थेट गाडी आहे. तेथून सोनौलीची हद्द ओलांडली, की अशोकाचा शिलास्तंभ असलेली लुंबिनी जवळच. इतिहास शिकणाऱ्याला याहून चांगला पहिला धडा कोणता?

आषाढी वारीची दिंडी पाहा. भिशी ठरते, तंबू, पाणी, शिधा यांची वाटणी होते, आणि मग शेकडो माणसे निर्धास्तपणे नामघोष करीत चालतात. तेथे हिशेबाने भक्ती आटली असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. मग आपणही एक ‘प्रवासनिधी’ का सुरू करू नये? प्रथम वर्षापासून प्रत्येकाने दरमहा तीनशे रुपये टाकले, तर तीस महिन्यांत नऊ हजार होतात. तेवढ्यात जग पाहून होत नाही हे खरे. पण लुंबिनीच्या वाटेचा पाया नक्की पडतो. ज्याला तीनशे जड, त्याने शंभर टाकावेत. उरलेल्यांसाठी गॅदरिंगच्या खर्चातून काही वाचविता येईल का, हे आपण प्राध्यापकांसह बसून ठरवावे. जमाखर्च दर महिन्याला ग्रंथालयाच्या फलकावर लागावा, म्हणजे पैशाइतकाच विश्वासही साठत जाईल.

मित्रहो, हौसेला मोल नसते असे म्हणतात. मला ते पटत नाही. हौसेला मोल असते. फक्त ते कोण मोजणार हे आधी ठरलेले बरे.